तेलंगणात मिरची तोडायला जाताना कोणते शब्द सोबत न्यायचे?

सिंदेवाही तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. त्यांची आई संक्रांतीनंतर गावातल्या बायकांसोबत पहिल्यांदाच खम्ममकडे मिरची तोडायला जाते आहे. चौथीपर्यंत शिकलेली, तेलुगूचा गंध नाही. मुलानं 'तीस दिवसांत तेलुगू' छापाचं पुस्तक आणून दिलं, आईनं दोन दिवसांत ते फडताळात टाकलं. ते विचारतात, "ही माणसं तिथे कामाचे शब्द शिकतात तरी कशी? आणि निघायच्या आधी मी आईकडून काय पाठ करून घेऊ?"

भाऊ, पुस्तक टाकलं ते आईनं बरोबरच केलं. २०११ पासून मी जाते आहे, मधलं एक वर्ष बाळंतपणात गेलं तेवढंच. आधी नुसती तोडणारी होते, आता मूल-सावली भागातल्या तीसेक बायका माझ्यासोबत असतात. तेलुगू मला आजही वाचता येत नाही. बोलता येते, तीही शेतातली. शहरातल्या माणसासमोर उभं केलं तर हसेल तो. पण काट्यावर माझं वजन कोणी चुकवू शकत नाही. खाली लिहिते ते एवढ्या अधिकारानं.

तुम्ही विचारता शब्द कसे शिकतात. शब्द शिकतातच, त्याची काळजी नको. काळजी करायची ती जे शब्द कधीच शिकले जात नाहीत त्यांची.

बघा, मालकीण "गंप एत्तु" म्हणते आणि टोपल्याकडे हात करते. तुम्ही टोपलं उचलता. तिसऱ्या वेळी ती हात करत नाही, तरी तुम्ही उचलता. झाला शब्द पाठ. एत्तु म्हणजे उचल, दिंचु म्हणजे खाली ठेव, एरु म्हणजे वेच, तोंदरगा म्हणजे लवकर. सालु म्हणजे तास, ओळ. पहिल्या आठवड्यात असे पंधरा-वीस शब्द कोणालाही येतात, माझ्या सासूलाही आले. शब्दासोबत हात चालतो, वस्तू समोर असते आणि चुकलं की लगेच ओरडा बसतो. यापेक्षा चांगली शाळा नाही.

पण हे सगळे ऐकायचे शब्द आहेत. मालक बोलतो, आपण करतो. बोलायचे शब्द असे येत नाहीत, कारण ते आपल्याला शिकवण्याची तिथे कोणालाच गरज नसते. आमच्यात एक बाई आहे, आठ हंगाम झाले तिला. मालकाचं बोलणं तिला माझ्याइतकंच कळतं. दोन वर्षांमागे हिशोबाच्या दिवशी तिच्या नावावर दोन खाडे निघाले. तिनं एकही खाडा केला नव्हता. ती तावातावानं "लेदु, लेदु" म्हणत राहिली. तिच्या मनात होतं, नाही, खाडा नाही. मालकानं अर्थ घेतला, नाही, आले नव्हते. लेदु म्हणजे 'नाही' आणि 'नव्हतं' दोन्ही. बाई स्वतःच्या तोंडानं खाडा कबूल करून बसली. तिला फक्त दोन शब्द हवे होते: नेनु वच्चिना, म्हणजे मी आले होते. आठ वर्षांत ते बोलायची वेळ आली नव्हती, म्हणून आले नाहीत.

म्हणून आईला निघायच्या आधी जे द्यायचं ते बोलायचे शब्द. बाकीचे वावर शिकवेल.

त्याआधी काही शब्दांपासून सावध करा. तेलुगू अजिबात कळत नसेल तर एक वेळ चालतं, पण मराठीसारखे वाटणारे शब्द घात करतात. तेलुगूत पनि म्हणजे काम. आपल्या झाडीपट्टीत ण म्हणतच नाहीत, सगळे पानीच म्हणतात. माझ्या पहिल्या हंगामात एका संध्याकाळी मेस्त्री येऊन सांगून गेला, "रेपु पनि लेदु." मेस्त्री म्हणजे तिकडचा मुकादम. आमच्यातल्या एकीनं हाळी दिली, "उद्या पानी नाही म्हन्ते वो!" रात्री नऊ वाजेपर्यंत आम्ही हापशीवरून हंडे, बादल्या, पिठाचा डबासुद्धा भरून ठेवला. सकाळी वावरात गेलो तर चिटपाखरू नाही. उद्या काम नाही, असं सांगितलं होतं त्यानं. पाण्याला नीळ्ळु म्हणतात. तुमच्या आईला ळ जमणार नाही, नील्लु म्हटलं तरी देतात.

दुसरा शब्द चालु. उच्चार अगदी आपल्या चालू सारखा, अर्थ उलटा: बस, पुरे. पोत्यात मिरची ओतताना मालक "चालु, चालु" म्हणतो आणि नवी बाई आणखी जोरात ओतते. तेलु म्हणजे तेल नव्हे, विंचू. कोणी तेलु म्हणून ओरडलं तर बाटली शोधू नका, पाय उचला. पेरु म्हणजे नाव. "नी पेरु एंटि" विचारलं की पोरी खिदळतात, ते चालायचंच.

आणि एक शब्द मुद्दाम लिहिते, लाज वाटली तरी. तिकडे आदरानं 'या' म्हणायचं तर "रंडि" म्हणतात. रा म्हणजे ये, आणि आदर दाखवायचा तर शेवटी अंडि लावतात, आपण 'या जी' म्हणतो तसं. दर वर्षी एखादी नवी बाई पहिल्याच सकाळी हे ऐकून लाल होते. एकदा तर एकीनं टोपलं फेकून घरची वाट धरली होती, मी रस्त्यावरून परत आणली. आईला हे घरूनच सांगा, आणि मोठ्या माणसाला नुसतं रा म्हणू नये हेही सांगा. चेप्पु म्हणजे सांग, चेप्पंडि म्हणजे सांगा. अंडि लावलेली बाई तिकडे लवकर ओळखीची होते.

आता बोलायचे शब्द. सगळ्यात वर आकडे. इथे मी जरा जास्त थांबते, कारण पैसा इथेच जातो.

तिकडे कुठे रोजीवर काम असतं, कुठे किलोवर. किलोवर असेल तर संध्याकाळी काट्यावर नाव घेऊन आकडा पुकारतात. शब्द ओळखीचा वाटेल, तिकडेही कांटाच म्हणतात. माझ्या पहिल्या वर्षी मालक पुकारायचा आणि आमचा मुकादम वहीत लिहायचा. मी एक ते शंभर कान देऊन शिकले होते, मोठी हुशार समजत होते स्वतःला. मालक म्हणाला "मुप्पै रेंडुन्नर". मुप्पै तीस, रेंडु दोन. मी बत्तीस धरले, मुकादमानं बत्तीस लिहिले. पुढे बरेच दिवस असंच चाललं. एकदा शेजारच्या तेलुगू बाईनं माझ्या डोळ्यांदेखत बोटाचं अर्धं पेर दाखवलं आणि म्हणाली, "अर, अर." अर म्हणजे अर्धा. रेंडुन्नर म्हणजे अडीच. मुप्पै रेंडुन्नर म्हणजे साडेबत्तीस. प्रत्येक वेळी शेपटीतला अर्धा किलो आम्ही ऐकतच नव्हतो. मुकादम लबाड होता का? मला नाही वाटत. त्यालाही ते ऐकू येत नव्हतं, आणि ऐकून घ्यायची घाईही नव्हती, त्याचा अर्धा किलो जात नव्हता ना. त्या हंगामात माझे दहा-बारा किलो असे गेले असतील. तेजा जातीची मिरची असते तिकडे, बारीक, शेंगेला वजन नाही. दहा किलो म्हणजे किती वाकणं ते तोडणारीलाच माहीत.

म्हणून आकडे शिकवताना नुसते एक ते दहा नको. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि, तोम्मिदि, पदि हे झाले की लगेच दहाचे टप्पे घ्या. इरवै वीस, मुप्पै तीस, नलभै चाळीस, याभै पन्नास, अरवै साठ. इरवै आणि अरवै वाऱ्यात सारखेच ऐकू येतात, आणि वीस नि साठमधला फरक मी सांगायला नको. मग शेपटीला अर. पाव मात्र आपलाच, पावु. आता बऱ्याच ठिकाणी डिजिटल काटा आला आहे, लाल आकडा दिसतो आणि तो सगळ्या भाषांत एकच. पण काट्याचं तोंड मालकाकडे असतं. तेव्हा "इटु तिप्पंडि" म्हणायचं, इकडे वळवा. हे दोन शब्द मी प्रत्येक नव्या बाईकडून बल्लारशा स्टेशनवरच म्हणवून घेते. मालक रागावत नाही. उलट हिला कळतं असं एकदा दिसलं की पुढे काटा आपोआप आडवा ठेवतात.

दुसरं, न कळल्याचं सांगणं. आपल्या बायका न कळताही मान हलवतात, तिथून निम्मे घोटाळे सुरू होतात. "अर्थम् कालेदु", अर्थ कळला नाही. बघा, अर्थ शब्द तर घरचाच आहे. "मळ्ळी चेप्पंडि", परत सांगा. "इदि एंटि?", हे काय? हा तिसरा प्रश्न म्हणजे गुरुकिल्ली, शेतात बोट दाखवत विचारत गेलं की दिवसाला पाच शब्द मिळतात. देठाला तोडिम म्हणतात, पांढऱ्या पडलेल्या मिरचीला तालु म्हणतात, हे मला कोणी शिकवलं नाही, मी बोट दाखवत गेले. तालु माहीत असणं बरं असतं. चांगल्या मालात ती टाकली की ओरडा आपल्यालाच.

तिसरे शब्द अंगाचे. मिरचीच्या तोड्यात हात, डोळे, नाक सतत भाजतं. त्या जळजळीला मंट म्हणतात. नोप्पि म्हणजे दुखणं, तल नोप्पि डोकं, कडुपु नोप्पि पोट. ज्वरम् आपला ज्वरच. डोळ्यांना पुस्तकात कळ्ळु लिहिलेलं असतं, आणि ताडीला कल्लु. ज्यांच्या तोंडी ळ नाही त्यांनी "कल्लु मंट" म्हटलं की ऐकणारा म्हणतो, बाईला ताडी चढली वाटतं. एका मैत्रिणीचं असं झालं, पाणी द्यायचं सोडून सगळे हसले. तेलंगणातले बरेच लोक डोळ्यांना कंड्लु म्हणतात, तेच घ्या. पुस्तकातल्या शब्दापेक्षा त्या गावचा शब्द बरा.

याच खात्यात मंदु येतो. मंदु म्हणजे औषध. गोळी पण मंदु, फवारणीचं पण मंदु, आणि दारूही मंदुच. "मंदु कोट्टारु" म्हणजे औषध मारलं. आपण औषध मारलं म्हणतो, तेही तसंच म्हणतात. सकाळी वावरात वास आला की विचारायचं, "मंदु कोट्टारा?" २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरांतली माणसं गेली ते सगळ्यांना आठवतं. हा प्रश्न येत नसेल तर बाकीचं तेलुगू काय कामाचं. आणि "वद्दु" म्हणजे नको. हा शब्द मराठी माणसाला पटकन बसतो, कारण आपल्याकडे 'नको' असा आख्खा एक शब्द आहे. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. नाकु नीळ्ळु कावालि, मला पाणी पाहिजे. शब्दाच्या जागी शब्द ठेवत जा, वाक्य तयार. व्याकरणाचं ओझं आईला देऊ नका.

आता शिकवायचं कसं. लिहून देऊ नका, ऐकवा. सिरोंचा, अहेरी, राजुरा भागातला कोणी तेलुगू बोलणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडून फोनवर आवाज भरून घ्या, शक्यतो बाईच्या आवाजात, आणि शिक्षकासारखं सावकाश नको, शेतात बोलतात तसं भरभर. एक गोष्ट त्याला जरूर सांगा: शेवटचा स्वर गिळायचा नाही. आपण तल लिहिलं की वाचताना 'तल्' करतो, तेलुगू माणसाला ते ओळखू येत नाही. मग आई भाकरी थापताना, धान पाखडताना ते वाजू द्या. दिवसाला चार शब्द, त्याहून जास्त नाही. पाठ झाले का ते विचारू नका, वापरायला लावा. आठ दिवस घरात पाणी मागायचं तर नीळ्ळु कावालि म्हटल्याशिवाय कोणी द्यायचं नाही. नातवंडं असतील तर ती या खेळात आजीच्या पुढे जातील. जाऊ द्या.

आकड्यांसाठी माझी एक जुनी युक्ती आहे. रोवणीत आपण गाण्यावर हात चालवतो, तसं तोडताना टोपल्यात पडणाऱ्या मुठी मोजायच्या. ओकटि, रेंडु, मूडु. दहा झाले की परत. दुपारपर्यंत तोंडाला सवय लागते आणि उन्हाकडे लक्षही जात नाही. रात्री चुलीजवळ आम्ही प्रत्येकीनं दिवसभरात ऐकलेला एक शब्द सांगायचा अशी रीत आहे. एकीनं चुकीचा अर्थ लावला असेल तर तिथेच कळतं. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप पोरं सुचवतात. रात्री खोलीवर ठीक आहे. वावरात मिरचीचे हात फोनला लागतात, तोच फोन कानाला, मग गालाला, मग डोळ्याला.

यातलं बरंचसं आई कुठे पोचते त्यावर आहे, हेही सांगते. हैदराबाद-निजामाबादकडे हिंदी बरीच चालते, खम्मम आंध्राला लागून, तिकडे कमी. टोळीत सिरोंच्याची एखादी बाई असेल तर पहिले पंधरा दिवस सोपे जातात. शेजारच्या ओळीत गावातल्या बायका काम करत असतील तर भाषा लवकर येते; आपलीच टोळी एकटी वावरात असेल तर हंगाम संपला तरी बोलणं मराठीतच राहतं. रोजीवर काम असेल तर काट्यापेक्षा दिवसांचा हिशोब महत्त्वाचा, तेव्हा "ना लेक्क चेप्पंडि", माझा हिशोब सांगा, हे आधी. उचल घेऊन गेली असेल तर तो आकडा घरच्या वहीत लिहून ठेवा आणि आईला तेलुगूत तोंडपाठ करून द्या.

आणखी एक, सगळी टोळी एकाच माणसाच्या तोंडावर सोडायची नाही. बहुतेक टोळ्यांत मुकादमाला तेलुगू येते, बाकीच्यांना नाही, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर आम्ही तिकडेच होतो. काम थांबलं, गाड्या बंद, मुकादम वाहनाची सोय बघायला म्हणून पुढे गेला आणि दोन दिवस त्याचा फोन लागेना. अठरा बायका आणि चार लेकरं घेऊन आम्ही पायी निघालो. गावांच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवलेले. लोक लांबूनच हात करून "वद्दु, वद्दु" म्हणायचे. हाच शब्द आम्ही एवढी वर्षं टोपलं भरल्यावर ऐकला होता. पहिल्या गावात मी काही न बोलता उभी राहिले आणि हाकलले गेलो. दुसऱ्या गावात वेशीपासून लांब बसून ओरडले, "अम्मा, पिल्ललु उन्नारु, नीळ्ळु कावालि." लेकरं आहेत, पाणी पाहिजे. एका म्हातारीनं दोन बादल्या फांद्यांच्या अलीकडे आणून ठेवल्या, सोबत भाताचं पातेलं. अन्नम् म्हणतात त्याला, तोही शब्द घरचाच. त्या दिवसापासून टोळीतल्या किमान चार जणींना बोलता आलंच पाहिजे असा माझा नियम आहे, आणि त्या चौघी एकाच गावच्या नसाव्यात.

आईच्या टोळीत कोणाकोणाला बोलता येतं ते निघायच्या आधी विचारा. फक्त मुकादमाचं नाव निघालं तर आईसोबत आणखी दोघी-तिघींना हाच आवाज ऐकवा, फोन एकच पुरतो. मालकाचं पूर्ण नाव, गाव, मंडल आणि फोन नंबर मराठीत चिठ्ठीवर लिहून आईच्या बटव्यात ठेवा. मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखं, तिकडे पत्त्यात तेच विचारतात. १०८ ची गाडी तिकडेही येते, पण कुठे यायचं ते सांगावं लागतं, म्हणून "मा ऊरु" पुढे गावाचं नाव म्हणायची सवय करून द्या.

पुस्तक परत करता आलं तर करा. नाहीतर राहू द्या, दुसऱ्या हंगामाला निघताना आई स्वतःच काढेल. माझ्याकडच्या दोघींनी काढलं, आणि पहिलं काय शोधलं तर साडेबत्तीस.